धुळे ते तोरणमाळ सायकलवर, आणि उतारावर फुटलेला पुढचा टायर

डिसेंबरात धुळ्याहून तोरणमाळला सायकलवर जाऊन आलो, मी, मावसभाऊ आणि आबा. आबा साठीला टेकलेत पण चढाला आम्हा दोघांनाही मागे टाकतात. रस्त्याचं लिहितोच, पण मुख्य लिहायचंय ते परतीच्या उतारावर जे झालं ते, कारण थंडीत बरेच जण त्या घाटात जातात आणि वेगात असताना टायर फुटला तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत काय करायचं हे घरूनच डोक्यात पक्कं करून निघायला पाहिजे.

पहिला दिवस धुळे, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा. नव्वद किमीच्या आसपास, बहुतेक सपाट. दोंडाईच्याकडे मिरची वाळत घातलेली असते, वारा आपल्याकडे असला तर ठसका लागतो, रुमाल जवळ ठेवा. सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेसाठी घोडे यायला लागले होते, ते बघत अर्धा तास गेला कळलंच नाही. सारंगखेड्याहून थोडं पुढे गेलो आणि मावसभावाचं मागचं चाक बसलं, तीसच्या स्पीडला. मघाशी बांधावर सायकल आडवी टाकून पाणी प्यायला होता, तिथले सराटे टायरमध्ये घुसलेले, तीन निघाले. मागचं चाक गेलं की सायकलची मागची बाजू डावी-उजवीकडे झोलते पण हँडल आपलं ऐकतं, त्यामुळे वजन थोडं पुढे घेऊन पुढचा ब्रेक हळूहळू दाबत सरळ रेषेत थांबायचं. तो तसाच थांबला, खरचटलंही नाही. खान्देशात एक सवय लावूनच घ्या, थांबल्यावर सायकल डांबरावरच उभी करायची, कडेच्या गवतात न्यायचीच नाही.

दुसऱ्या दिवशी शहादा, म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. राणीपूरनंतर खरा चढ, पाणी तिथेच भरून घ्या. वर यशवंत तलावाकाठी संध्याकाळी जी थंडी पडली ती धुळ्यातल्या माणसाला पचत नाही, कानटोपी लागतेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी उतरायला लागलो. आबांनी वरच सांगितलं होतं, "ब्रेक दाबी धरू नको भो, सोडत सोडत ये." मी मात्र भीतीने दोन्ही ब्रेक अर्धवट दाबूनच उतरत होतो, आणि मग एका वळणानंतर सरळ पट्टा दिसला म्हणून सोडले, चाळीसच्या वर गेलो असेन, तेवढ्यात फटाका फुटल्यासारखा आवाज. पुढचा टायर. हँडल एकदम जड झालं आणि एका बाजूला ओढायला लागलं, रिम डांबरावर घासल्याचा खरखराट थेट मनगटात जाणवत होता. हात आपोआप पुढच्या ब्रेककडे जातो, तोच दाबायचा नाही. हवा गेलेल्या चाकाला ब्रेक लावला तर टायर रिमवरून निघून अडकू शकतो आणि माणूस सरळ हँडलवरून पुढे. मी बूड सीटच्या मागे सरकवलं, कोपरं सैल ठेवली, हँडल वळवायचा अजिबात प्रयत्न केला नाही आणि मागचा ब्रेक थोडा थोडा दाबत गेलो. नजर दरीकडे गेली नाही हे फार महत्त्वाचं, कारण आपण जिकडे बघतो तिकडेच सायकल जाते. पट्टा संपायच्या आत थांबलो. हेच वळणात झालं असतं तर आधी सायकल सरळ उभी करून मग ब्रेक, तिरक्या सायकलवर बसलेल्या टायरला पकड राहतच नाही.

थांबल्यावर रिमला बोट लावलं तर ठेवता येईना इतकी तापलेली. टायर काढला तेव्हा कारण दिसलं. बाजूच्या पातळ भागावर, रिमच्या अगदी काठाला लागून, काळी चकचकीत रेघ पडलेली, तिच्यात एका ठिकाणी धागे सुटलेले आणि बोटाच्या पेराएवढी फट. दोन दिवसांपूर्वी मीच ब्रेकचे रबर बदलले होते आणि उजवीकडचं एखाद-दोन मिलीमीटर वर बसलं होतं. सपाटीवर ब्रेक कमी लागतात म्हणून कळलं नाही, घाटात ते सतत टायरला घासत राहिलं, त्यात रिमच्या उष्णतेने आतली हवाही फुगलेली, फटीतून ट्यूब बाहेर आली आणि फुटली. म्हणून घाटाआधी ब्रेक दाबून समोरून खाली वाकून बघा, रबर पूर्ण रिमवर बसलंय ना, टायरला टेकत नाही ना. एका मिनिटाचं काम आहे. आणि उतरताना वळणाआधी जोरात दाबून वेग कमी करायचा, मग सोडून द्यायचं, म्हणजे रिमला वारा लागतो. लांब उतारावर मध्ये दोनदा तरी थांबा, रिम गार होऊ द्या.

नुसती नवी ट्यूब टाकून उपयोग नव्हता, ती त्याच फटीतून परत बाहेर आली असती. आबांच्या पिशवीत जुन्या टायरचा कापलेला तुकडा होता, तो फटीच्या आतून लावला, वर ट्यूब, हवा नेहमीपेक्षा कमी, आणि अ‍ॅलन कीने ब्रेकचं रबर खाली घेतलं. तुकडा नसेल तर दहाची नोट चार घड्या करून लावली तरी थोडं अंतर निघतं. पंप स्वतःचाच ठेवा, आमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा वाल्व, घाट उतरल्यावर ज्या पंक्चरवाल्या दादांकडे थांबलो त्यांचं नोझल त्याला बसेना, छोटा पितळी अ‍ॅडॉप्टर असता तर तिथे नीट हवा भरता आली असती.

शहाद्यापर्यंत पंधरा-सोळाच्या स्पीडने आलो, दर पाच-सात किमीला थांबून तुकडा सरकला नाही ना ते बघत. त्या मापाचा टायर शहाद्यात आम्हाला मिळाला नाही, आणि तशा टायरवर आणखी नव्वद किमी जायचं नाही हे आबांनी ठरवूनच टाकलं, मग शेवभाजी खाऊन सायकली पिकअपमध्ये टाकल्या आणि रात्री धुळ्याला पोचलो.