कागदावरचा लिपस्टिकचा ठसा

पालेभाजी निवडायला बसले की एखादा पडेल चित्रपट लावायचा, अशी माझी जुनी सोय आहे. लक्ष अर्धेच राहिले तरी काही हुकत नाही. अमेरिकन गायिका मराया कॅरीचा ‘ग्लिटर’ मी गेल्या रविवारी याच हिशेबाने लावला आणि मेथीची अर्धी जुडी तशीच राहून गेली.

या चित्रपटाच्या वाट्याला आलेली वेळच वाईट होती. तो अमेरिकेत प्रदर्शित झाला २१ सप्टेंबर २००१ रोजी, म्हणजे न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर दहाच दिवसांनी, आणि त्याच्या गाण्यांचा अल्बम तर नेमका ११ सप्टेंबरलाच बाजारात आला होता. त्या उन्हाळ्यात मराया कॅरी अतिश्रमाने रुग्णालयात दाखल झाली होती व तिच्या त्या अवस्थेची यथेच्छ टिंगल चालू होती. समीक्षकांनी चित्रपट झोडपला, तिला सर्वांत वाईट अभिनेत्रीचा ‘रॅझी’ हा थट्टेचा पुरस्कार मिळाला आणि ध्वनिमुद्रण कंपनीने कोट्यवधी डॉलर मोजून तिच्याशी केलेला करार मोडला.

चित्रपट निर्दोष आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. संवाद बोलताना ती अशी संकोचते, की घरी आलेल्या पाहुण्यांसमोर उभे केलेले मूल आठवावे. दोन प्रसंगांच्या मध्ये शहराची पळती दृश्ये का पेरली आहेत, तेही उमगत नाही. पण २००९ च्या ‘प्रेशस’मध्ये समाजसेविकेच्या छोट्या भूमिकेत, रंगरंगोटीशिवाय, हीच बाई किती संयमाने उभी राहिली होती! तेव्हा उणीव केवळ अभिनयाच्या अंगाची होती, हे मला पटत नाही.

शेवटाकडे एक प्रसंग आहे. गायिका बिली (म्हणजे मराया) आणि तिला पुढे आणणारा डीजे डाइस एकमेकांपासून दुरावलेले असतात. ती त्याच्या घरी जाते, तो नसतो. तिथल्या स्वरलिपीच्या कागदावर तिला तेच गाणे दिसते, जे ती स्वतः तिकडे एकटीच रचत असते. ती त्या कागदावर ओठ टेकते आणि निघून जाते. तो परततो तेव्हा त्याला केवळ लिपस्टिकचा ठसा सापडतो. योगायोग हास्यास्पद आहे, हे कबूल; परंतु गाण्याच्या एका ओळीवरून ताटातूट झालेल्या भावांची ओळख पटताना पाहत जी पिढी मोठी झाली, तिने येथे नाक मुरडण्यात काय अर्थ आहे? शिवाय या प्रसंगात तिला बोलायचे काहीच नाही, आणि म्हणूनच कदाचित तो संपूर्ण चित्रपटात सर्वांत खरा वाटतो.

२०१८ मध्ये चाहत्यांनी मोहीम उघडून तो अल्बम अमेरिकेतल्या आयट्यून्सवर पहिल्या क्रमांकावर नेला. गाण्यांची बाजू अशी उशिरा का होईना, कोणीतरी घेतली. चित्रपटाच्या वाट्याला मात्र अजून मेथी निवडणारे प्रेक्षकच येतात.