तुर्भ्याचा फाटा आणि यंत्राचे अनुमान

ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने रोज घणसोलीला जाताना यंत्र, म्हणजे संगणक, अनुमान कसे काढते याचे एक उदाहरण माझ्या मनात पक्के होत गेले आहे. ऐरोलीनंतर रबाळे, मग घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, ही झाली तथ्ये. एका स्थानकानंतर दुसरे आणि दुसऱ्यानंतर तिसरे येत असेल, तर पहिल्यानंतर तिसरे येतेच, हा झाला नियम. ऐरोलीच्या पुढे तुर्भे आहे, हे वेगळे न सांगता यंत्र एवढ्यावरून सिद्ध करते आणि विचारल्यास प्रत्येक पायरी दाखवते. ज्ञान चिन्हांत मांडून त्यावरून अनुमान काढण्याची पद्धत ती हीच. १९७२ च्या सुमारास फ्रान्समध्ये घडलेली प्रोलॉग ही संगणकभाषा याच पायावर उभी आहे.

जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोली यांच्यामध्ये दिघा गाव स्थानक सुरू झाले. अशा वेळी दोन नवी तथ्ये जोडायची आणि 'ठाण्यानंतर लगेच ऐरोली' हे जुने तथ्य आठवणीने काढायचे, की बाकीची अनुमाने आपोआप सुधारतात. याउलट, प्रचंड मजकुरावरून शिकून उत्तरे देणाऱ्या चॅटजीपीटीसारख्या भाषा-मॉडेलच्या अब्जावधी आकड्यांत हेच तथ्य नेमके कुठे दडले आहे, यावर बोट ठेवणे फार अवघड असते, आणि मला ही उणीव मोठी वाटते.

तरीही केवळ नियमांनी भागत नाही. पावसाळ्यात रुळांवर पाणी साचले की रबाळे ऐरोलीनंतरच असते, पण गाडी तिथे पोहोचेलच असे नसते. असे सगळे अपवाद आधीच लिहून ठेवता येत नाहीत, ही अडचण कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक प्रणेते जॉन मॅकार्थी यांनी फार पूर्वी ओळखली होती. संगणकशास्त्रज्ञ डग्लस लेनट यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या 'सायक' प्रकल्पात तर सामान्य ज्ञान हाताने नोंदवण्याचे काम दशकानुदशके चालले.

म्हणूनच भूमितीचे प्रश्न सोडवणाऱ्या गूगल डीपमाइंडच्या 'अल्फाजॉमेट्री'ची रचना मला मोलाची वाटते. तिथे भाषा-मॉडेल आकृतीत नवा बिंदू किंवा रेषा सुचवते आणि त्यातून काय निष्पन्न होते, हे तर्कयंत्र काटेकोर नियमांनी काढते. गणित ऑलिम्पियाडमधील भूमितीच्या ३० प्रश्नांपैकी २५ प्रश्न या जोडीने सोडवले.

प्रवाशांच्या चौकशीसाठीही मला अशीच विभागणी हवी आहे. 'वाशीची गाडी पकडली तर पनवेलला जाता येईल का?' हा प्रश्न कोणी कसाही विचारला तरी मॉडेलने तो समजून घ्यावा. तुर्भ्याला मार्ग फुटतो, एक सानपाड्यामार्गे वाशीकडे आणि दुसरा जुईनगरमार्गे पनवेलकडे, म्हणून तिथे उतरून पनवेलची गाडी धरावी, हे उत्तर मात्र नोंदलेल्या तथ्यांतूनच निघावे.