तुम्ही विचारलंत म्हणून: लोगो राहू दे, यादी दाखवा

"ताई, आमच्या गावात पण रोटरीसारखा क्लब काढायचाय, सुरुवात कुठून करू?" महिन्यातून एकदा तरी हा मेसेज येतो, बहुतेक रात्री दहानंतर, आणि सोबत लोगोचं डिझाइनही असतं. लोगो राहू दे हो, आधी सभासदांची यादी दाखवा.

रोटरी म्हणजे वेगवेगळ्या धंद्यांतल्या लोकांचे, समाजसेवा करणारे जगभरातले क्लब. त्याचा नवा क्लब काढायचा तर किमान २० जण लागतात, मग चार्टर, म्हणजे क्लबची अधिकृत मान्यता, मिळतं. आम्ही ठाण्यातले चारपाच जण याच कामासाठी कसारा लाइनवरच्या एका छोट्या गावात जायचो (नाव मुद्दाम घेत नाहीये, का ते पुढे कळेल). तिथले एक सर भलतेच उत्साही, आठ दिवसांत २६ नावं काढली, आम्ही इकडे नौपाड्यात खूश, आणि पहिल्या मीटिंगला जाऊन बघतो तर ११ जण, त्यातले नऊ शिक्षक, एक स्वतः सर आणि एक सरांचा मेहुणा. बरं, शिक्षकांच्या परीक्षा एकदम, सुट्ट्या एकदम, निवडणुकीची ड्युटीपण एकदमच. मग क्लब चालवणार कोण? वर्षाची वर्गणी सांगितली तेव्हा तर नुसता पंख्याचा आवाज.

तेव्हा मला शिकागोचं आठवलं, रोटरी सुरू झाली तिथलं. २३ फेब्रुवारी १९०५ ला तिथे चौघंच बसले होते, वकील पॉल हॅरिस, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर आणि एक शिंपी. सेवाबिवा काही नव्हती डोक्यात, हॅरिस लहान गावात वाढलेला, शहरात ओळखीपाळखी हव्या होत्या, धंद्याला मदत झाली तर हवीच होती. आळीपाळीने, म्हणजे रोटेशनने, एकेकाच्या ऑफिसात बसायचे म्हणून नाव रोटरी. आणि एका धंद्यातला एकच माणूस घ्यायचा. नियम तसा व्यापारी डोक्याचाच, पण लहान गावात फार कामाला येतो.

सरांना म्हटलं, शिक्षक दोनच ठेवा. मग दुकानं पालथी घातली. मेडिकलवाला, टेम्पोवाला, वीटभट्टीवाला, डेअरीवाले काका, पार्लरवाली. पार्लरवालीचं नाव निघाल्यावर एकजण म्हणाला, बायका कशाला, मीटिंग रात्री असते. मला हसू आलं, पण रोटरीनेच जगभर बायकांना दार उघडलं ते १९८९ मध्ये, तेव्हा याला एकट्याला काय बोलणार! मीटिंग संध्याकाळी पाचला आणली, विषय संपला.

पहिलं काम काय करायचं, तर सगळ्यांना शिबिर हवं. नेत्र, रक्तदान, काहीही, बॅनर लागला पाहिजे. पार्लरवाली बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "बुधवारच्या बाजाराला भाजी विकायला येतात ना बायका, त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. जायचं कुठे?" शौचालय होतं हो, चांगलं बांधलेलं, टाइल्सवालं. पण त्याला कुलूप! किल्ली एका ऑफिसात, आणि बाजाराच्या दिवशी नेमका किल्लीवाला जागेवर नसायचा. चार अर्ज आणि दोन महिने गेले त्या एका किल्लीपायी, अर्ज लिहायला मात्र शिक्षकच कामाला आले हे खरं. आता बुधवारी किल्ली पार्लरमध्ये असते, पाण्याचे ड्रम टेम्पोवाला टाकतो, फिनेल आणि साफ करणाऱ्या मावशींचे पैसे क्लब देतो. बॅनर नाही.

नंतर सांगितलं मी त्यांना, की शिकागोवाल्यांनी १९०७ मध्ये पहिलं लोकोपयोगी काम हातात घेतलं ते सार्वजनिक शौचालयांचंच. पार्लरवाली म्हणाली, "तिकडे पण किल्ली मिळत नव्हती का?"

चार्टर आलं ते २२ जणांवर. सरांचा मेहुणा टिकला बरं का, तो आता खजिनदार आहे आणि दहा रुपयांचं फिनेल जास्त आलं तरी बिल मागतो.