तळ्यात पाणी किती वेळ अडवायचं?

अमेरिकेत मेरीलँडच्या बाल्टिमोर काउंटीतल्या दहा एकरांच्या दुकान-संकुलाचं पावसाळी पाण्याचं डिझाइन माझ्याकडे आलं. जागा गनपाउडर नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यालगत. ओढ्यात थंड पाण्यात राहणारा ट्राउट मासा, त्यामुळे पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर तापता कामा नये, असा राज्याचा नियम.

पूर्वी दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाचा लोंढा बांधकामाआधी होता तेवढाच बाहेर सोडला की भागायचं. पण डांबर-छपरांमुळे एकूण पाणीच वाढतं. मग तोच जोराचा प्रवाह ओढ्यात कितीतरी जास्त वेळ टिकतो आणि काठ खरवडतो. म्हणून २००० सालच्या राज्य मॅन्युअलने वर्षातून एकदाचा पाऊस, इथे २४ तासांत सुमारे २.६ इंच, तळ्यात चोवीस तास रोखून हळूहळू सोडायला लावला. ट्राउटच्या ओढ्यांसाठी मात्र बाराच तास, कारण उथळ तळ्यात पाणी तापतं. काठ जपायचे तर तळ्यातून पाणी बाहेर सोडणारं छिद्र लहान हवं, मासा जपायचा तर मोठं. माझं डोकं सगळ्यात जास्त शिणलं ते इथेच.

(बाबांना फोनवर हे सांगणं त्याहून अवघड. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ म्हणणाऱ्या माणसाला मुद्दाम रिकामं होणारं तळं कसं पटावं?)

पाण्याच्या गुणवत्तेचा हिशेब सरळ होता. पहिल्या एक इंच पावसाचं पाणी गाळायचं. ६० टक्के जमीन डांबर-छपरांखाली, म्हणजे जवळपास ६०० घनमीटर. २००७ च्या कायद्यानुसार त्यातलं शक्य तेवढं जागच्या जागी जिरवावं लागतं, म्हणून पार्किंगमधल्या पट्ट्यांत वाळूमिश्रित मातीचे वाफे केले. खालची माती चिकण, त्यामुळे उरलेल्या पाण्यासाठी तळं लागलंच.

तपासणी करणाऱ्या बाईंचा पहिला प्रश्न आकड्यांचा नव्हताच: “सावली कुठे आहे?” तळ्याच्या दक्षिणेला झाडं हवीत, पण मातीच्या बांधावर झाड चालत नाही, मुळांच्या वाटेने पाणी झिरपतं. उतार उत्तरेकडे होता म्हणून निभावलं. बांध उत्तरेला आला आणि दक्षिणेची बाजू झाडांना मोकळी राहिली.

मंजुरीबरोबर देखभालीचा करारही आला. तोंडाशी असलेलं गाळकुंड निम्मं भरलं की उपसायचं. तो खर्च मालकाचा की भाडेकरूंचा, ही वादावादी अजून चालू आहे.