आधी तारीख बघते

सुट्टीत चोपड्याच्या स्टँडवर उतरले की गावापर्यंतच्या रिक्षात कुणीतरी मोबाईल पुढे करतंच. "तू जळगावला पत्रकारितेचं शिकते ना? मग हे बघ बरं, खरं शे का?" मामा विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मैत्रिणीही विचारतात. मागोमाग दुसरा प्रश्न येतो : खरं-खोटं ओळखायचं ॲप कोणतं, आम्हालाही टाकून दे. दीड वर्ष मी याचं उत्तर तुकड्या-तुकड्यांनी देत आले. रिक्षा थांबते आणि उत्तर अर्धं राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा पूर्ण लिहिते.

असं एक ॲप नाही. वर्गात आणि वर्गाबाहेर मी बरीच साधनं वापरून पाहिली, त्यातली पाच-सहा रोज लागतात. पण साधन उघडण्याआधीचा माझा प्रश्नच आता बदललाय. "खरं का?" हे मी सगळ्यात शेवटी विचारते. आधी विचारते, "कधीचं?" गावच्या ग्रुपवर आलेल्या ज्या गोष्टींनी आमचं नुकसान केलं, त्यातल्या बहुतेक मनानं रचलेल्या नव्हत्या. कधीतरी, कुठेतरी त्या घडलेल्याच होत्या. फक्त तारीख गळून पडली होती.

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. वादळी पाऊस झाला होता. संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला : केळीची बाग पूर्ण आडवी, घड चिखलात, आणि खाली मजकूर, "आज दुपारी, आपला तालुका". वर दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो बऱ्याच हातांतून फिरून आला होता. मी लॅपटॉप काढला. इनव्हिड नावाचं एक साधन ब्राउझरला जोडता येतं, ते व्हिडिओचे वेगवेगळे स्थिर तुकडे काढून देतं. त्यातले तीन-चार तुकडे गूगल लेन्समध्ये आणि टिनआयमध्ये टाकले. चित्र दिलं की तेच चित्र इंटरनेटवर आणखी कुठे आहे, ते ही दोन्ही शोधतात. टिनआयमधला "सर्वात जुनं आधी" हा पर्याय मला फार आवडतो. ते चित्र इंटरनेटवर त्यांना पहिल्यांदा कधी दिसलं, ते कळतं. चित्र काढलं कधी हे त्यातून कळत नाही, पण "निदान या दिवसाच्या आधीचं आहे" इतकं छातीठोक सांगता येतं. वीस मिनिटांनी तोच व्हिडिओ एका तेलुगू वाहिनीच्या पानावर सापडला, दोन वर्षांपूर्वीचा.

मी हे सांगायला ओट्यावर गेले तर जिभाऊंनी, म्हणजे माझ्या मोठ्या काकांनी, व्हिडिओ थांबवून बोटांनी मोठा केलेला. "बांधावर नारळ शेतंस," ते म्हणाले. "आपल्याकडे बांधावर नारळ कोण लावतं?" खरंच, मागे नारळाची रांग होती. मी तो व्हिडिओ किमान दहा वेळा पाहिला होता आणि मला ती दिसली नव्हती. नारळावरून जिभाऊंना कळलं की हे इथलं नाही. पण मग कुठलं आणि कधीचं, हे नारळ सांगू शकत नव्हते, ते माझ्या शोधातून आलं. तेव्हापासून व्हिडिओ कोणत्याही साधनात टाकण्याआधी मी तो आवाज बंद करून एकदा नुसता बघते : झाडं, मातीचा रंग, दुकानांच्या पाट्या, गाडीचा नंबर, सावल्या किती लांब आहेत ते.

दुसरी गोष्ट सांगताना मला अजून वाईट वाटतं. विहिरीजवळ बसलेल्या बिबट्याचा फोटो आला, शेजारच्या गावाचं नाव घालून. आमच्याकडे सातपुड्यातून बिबटे केळीच्या बागांत उतरतात, हे खरंच आहे. त्यामुळे लोक घाबरले. मला विचारलं. मी चित्रावरून शोध घेतला, कुठेच काही मिळालं नाही. मी ग्रुपवर लिहिलं, "जुना फोटो सापडत नाही, नवा दिसतोय." दोन दिवस केळी कटाईला मजुरांची टोळी गेली नाही. कापसाच्या निंदणीला जाणाऱ्या बायाही घरी बसल्या, त्यांचा दोन दिवसांचा रोज बुडाला. वनखात्याचे लोक येऊन पाहून गेले, ठसे नव्हते. तिसऱ्या दिवशी माझ्या वर्गमैत्रिणीनं तोच फोटो मोबाईलमध्ये डावा-उजवा उलटा केला आणि परत शोधला. चार वर्षांपूर्वीचा निघाला, दुसऱ्याच राज्यातला. कुणीतरी तो आरशात दिसावा तसा फिरवून पाठवला होता.

"सापडलं नाही" याचा अर्थ "नवं आहे" असा होत नाही, हे आमच्या पुस्तकात एका ओळीत आहे. ती ओळ मी परीक्षेत लिहिलीही होती. आता कुणी फोटो पाठवला की सांगते, मूळ ज्यानं काढला त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्यातली काढल्याची वेळ आणि जागा निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती बहुधा शाबूत राहते. आणि मूळ माणूसच सापडत नसेल, तर मी "माहीत नाही" असं लिहिते. हे दोन शब्द लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

उपग्रहाच्या चित्रांचं आकर्षण मला फार होतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट बघता येतात, साधारण दर पाच दिवसांनी नवं, आणि प्रत्येकावर तारीख. वाटलं, वादळात कुणाची बाग पडली ते वरूनच मोजू. पण त्यात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. एकराची बाग म्हणजे चाळीसेक ठिपके, आणि जूनमध्ये त्यावर ढग. हतनूरच्या धरणात पाणी कुठवर आहे हे मात्र त्यावर छान दिसतं. असो.

विम्याचं सांगते, कारण त्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. आपल्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर सलग किती दिवस पारा ठरलेल्या अंशाच्या वर किंवा खाली राहिला, यावर भरपाई ठरते. म्हणजे तिथे सगळा खेळच तारखांचा. अंश किती, दिवस किती, हे शासन निर्णयात असतं आणि ते बदलतं. ग्रुपवर फिरत होतं ते पान खरं होतं, शिक्का-सहीसकट, पण आधीच्या एका हंगामाचं. त्यावर विसंबून दोघा-तिघांनी भरपाईचा हिशेब मांडूनही ठेवला होता.

शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मिळतात आणि प्रत्येकाला एक लांबलचक संगणक सांकेतांक असतो. त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. हे कळल्यापासून मी पानावर सगळ्यात आधी तो सांकेतांक वाचते. एकदा घाई होती म्हणून एका एआय चॅटबॉटला विचारलं की या योजनेचा ताजा शासन निर्णय कोणता. त्यानं सुंदर मराठीत सारांश दिला, अटी दिल्या, सांकेतांकही दिला. मी आकडे मोजले. वर्ष बरोबर होतं, महिन्याच्या जागी होते सतरा. असा शासन निर्णय नव्हताच. सतराऐवजी अकरा आलं असतं तर? मग मी कदाचित फसले असते, आणि माझ्या शब्दावर गावातली चार माणसं. चॅटबॉट मी आजही वापरते. लांब इंग्रजी अहवाल समजून घ्यायला, माझ्या मुलाखतीतले प्रश्न तपासायला. पण त्यानं दिलेली तारीख, आकडा आणि नाव मूळ कागदावर पाहिल्याशिवाय वहीत उतरवत नाही.

शोधण्याबद्दलही विचारता तुम्ही. "गूगलवर टाकलं पण काही येत नाही." मराठीत शोधताना दोन अडचणी येतात आणि त्या मला कुठल्या इंग्रजी पुस्तकानं सांगितल्या नाहीत. पहिली, आपण एकच नाव चार प्रकारे लिहितो. तापीवरच्या आमच्या रखडलेल्या धरणाला लोक पाडळसरे म्हणतात, काही बातम्यांत पाडळसे येतं, आणि सरकारी कागदात त्याचं नाव निम्न तापी प्रकल्प. पाडळसरे शोधलं तर आंदोलनं सापडतात, निम्न तापी शोधलं तर मंजुऱ्या आणि कोटींचे आकडे. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही, आणि एकच शब्द शोधणाऱ्याला अर्धीच दिसते. जुन्या कागदांत तर आणखी मागे जावं लागतं. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पूर्व आणि पश्चिम. स्वातंत्र्याआधीच्या कागदांत "जळगाव जिल्हा" शोधत बसलं तर हाती काही लागत नाही, तिथे पूर्व खानदेश लिहावं लागतं. धुळ्याचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हा धुलिया असं वाचलं जाईल असं होतं. नंदुरबार तर जिल्हा झाला १९९८ मध्ये.

दुसरी अडचण फॉन्टची. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखी वाचली जावीत म्हणून ठरवलेली पद्धत, रुळण्याआधीच्या मराठी पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरांचा काला असतो. त्यातलं वाक्य उचलून दुसरीकडे चिकटवलं की कळतं. शोधयंत्राला त्यात मराठी शब्द दिसतच नाही, म्हणून आपल्याला वाटतं की त्या काळात या विषयावर कुणी लिहिलंच नाही. अशा पानांचं मी चित्र काढते आणि गूगल ड्राइव्हमधून त्याचा मजकूर करून घेते. छपाई स्वच्छ असली तर काम होतं. पुसट असली तर घ आणि ध एक होतात, भ आणि म एक होतात. त्याची चिंता नाही, वाक्यावरून कळतं. पण १ आणि ९ एक झाले तर वाक्य काही सांगत नाही. आकडा मूळ पानावर डोळ्यांनीच बघावा लागतो.

आणि एक सवय लावून घ्या, ती तुम्हालाही जमेल. महत्त्वाचं काही दिसलं की त्याच क्षणी वेबॅक मशीनमध्ये ते पान साठवून ठेवा. ते चालवणारी इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून पानं जमवते आहे, आणि आपण सांगितलं तर आपलं पानही बहुतेक वेळा तारीख-वेळेसकट ठेवते. स्क्रीनशॉटवर कुणी विश्वास ठेवेलच असं नाही, तो कुणीही बनवू शकतो. एका बातमीतला नुकसानीचा आकडा दुपारी एक आणि रात्री दुसरा झालेला मी पाहिलाय, खाली "दुरुस्ती" असा शब्दही न लिहिता. दुपारचं पान साठवलेलं नसतं तर माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं.

आता भाव. या सत्रात मला एक लांब लेख करायचा आहे आणि मी विषय घेतला केळीचा जाहीर भाव आणि हातात पडलेला भाव. वाटलं, ॲगमार्कनेट या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर देशभरच्या बाजारांचे रोजचे भाव असतात, दहा वर्षांचे उतरवून घेऊ, आलेख काढू. पण आपली केळी बाजार समितीच्या आवारात येतेच कुठे? ट्रक शेतात भरतो. भाव फोनवर ठरतो. संकेतस्थळावर आमच्या तालुक्यासमोर बहुतेक दिवस रिकामे. जाहीर भाव वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून आणि ग्रुपवरच्या फलकांच्या फोटोंतून मिळवले, एकेक तारीख तपासून. नवती म्हणजे नव्या लागवडीच्या केळीचा वेगळा, पिलबाग म्हणजे त्याच झाडांच्या पिलांपासून आलेल्या केळीचा वेगळा, वापसी म्हणजे कमी प्रतीच्या मालाचा वेगळा. तीन आठवडे गेले त्यात. पण शेतकऱ्याला प्रत्यक्ष मिळालेला भाव कुठल्याच पानावर नव्हता.

बाबांनी कपाटातून वह्या काढल्या. शाळेच्या दोनशे पानी वह्या, माझ्याच उरलेल्या, मागून सुरू केलेल्या. दिनांक, घड, वजन, भाव, ट्रक कुणाचा, पैसे कधी आले. अकरा वर्षांचं. या अशा वह्या आहेत हे मला घरात राहून माहीत नव्हतं. काही दिवशी जाहीर भावात आणि वहीतल्या भावात क्विंटलमागे दोनशे-तीनशेचा फरक आहे, आणि तो सणाच्या आधी कमी होतो की वाढतो हे मी आत्ता मोजते आहे. गावात आणखी दोन घरी अशा वह्या निघाल्या. एका घरानं नाव न छापण्याच्या बोलीवर दिल्या, कारण माल परत त्याच माणसाला द्यायचा आहे.

गेल्या रविवारी पान न् पान फोटो काढत बसले होते. एका पानाचा वरचा कोपरा उंदरानं कुरतडलेला, तारीख नाही. वजन आहे, भाव आहे. बाबांना विचारलं. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "तुझी आजी गेली ना, तेराव्यानंतरची पहिली कटाई. मजुरांना मी चहा दिला नव्हता, घरात सुतक होतं असं समजून तेच नको म्हणाले होते." आजीचा दिवस आम्हाला पाठ आहे. त्यावरून आठवडा ठरला. त्या आठवड्याची कात्रणं काढली, जाहीर भावाच्या दोन ओळी मिळाल्या, दोन वेगळ्या दिवसांच्या. त्यातला कोणता दिवस, ते बाबांनाही सांगता येईना. मी दोन्ही तारखा पेन्सिलीनं समासात लिहिल्या आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.