सगळे काम्पान्योलोच्या मागे, मी सनटूरच्या

आपल्याकडे सनटूर हे जपानी नाव लोकांना माहीत असतं ते एमटीबीच्या, म्हणजे माउंटन बाईकच्या पुढच्या सस्पेंशन फोर्कवरून. पण हीच सनटूर एकेकाळी रेसिंग आणि टूरिंग सायकलींसाठी जगातले सगळ्यात नीट चालणारे मागचे डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा पार्ट, बनवायची, आणि हे मी नुसतं प्रेमापोटी म्हणत नाहीये, त्याची बनावटच तशी होती.

जुन्या रेसिंग सायकली जमवणाऱ्या कुणाशीही बोला, दोन मिनिटांत गाडी काम्पान्योलो या इटालियन पार्ट कंपनीवर येते. साहजिक आहे म्हणा, एडी मर्क्सने पाच टूर दी फ्रान्स त्यांच्याच पार्टवर जिंकल्या, आणि त्यांच्या नुओवो रेकॉर्ड मॉडेलचा डिरेलर हातात घेतला की पॉलिश बघतच बसावंसं वाटतं. शिवाय त्याच्या बॉडीवर पेटंट ७४ असं काहीतरी कोरलेलं असतं, तो आकडा म्हणजे साधारण तो पीस बनला ते वर्ष, त्यामुळे फ्रेमच्या वर्षाशी जुळणारा पीस शोधण्यात लोक महिनोन्महिने घालवतात. मलाही तो नाद आहे. पण चालवायला बसलात तर गोष्ट वेगळी होते.

मागच्या चाकाचे दाते, म्हणजे दातेरी चकत्या बघा, आतला सगळ्यात मोठा आणि बाहेर येत येत छोटे, म्हणजे जिन्यासारखी रचना झाली. काम्पान्योलोचा डिरेलर या जिन्यासमोर सपाट सरकतो, आडवा. मोठ्या दात्याला धडकू नये म्हणून त्याला आधीच खाली ठेवावं लागतं, मग छोट्या दात्यावर आलं की डिरेलरची वरची पुली (चेन जिच्यावरून फिरते ते छोटं चाक) आणि दाता यांच्यात भलंमोठं अंतर पडतं, तेवढी मोकळी चेन आधी वाकते आणि मग कधीतरी गिअर पडतो, आणि तोवर आपण लिव्हर जरा जास्त ओढलेला असतो तो परत मागे घ्यायचा. सनटूरच्या नोबुओ ओझाकींनी १९६४ मध्ये डिरेलर ज्या चौकोनी सांगाड्यावर सरकतो तो चौकोनच तिरका केला. कठडा जसा जिन्याबरोबर उतरतो तशी पुली दात्यांबरोबर उतरते, अंतर प्रत्येक गिअरला जवळजवळ तेवढंच, आणि शिफ्ट पटकन होतो. एवढीच कल्पना! पण पेटंट सनटूरकडे, त्यामुळे बाकीच्यांना वीसेक वर्षं हात लावता आला नाही.

१९८४ ला पेटंट संपलं आणि त्याच सुमारास शिमानो या दुसऱ्या जपानी कंपनीने आपल्या ड्युरा एस या मॉडेलमध्ये क्लिक होणारे इंडेक्स गिअर आणले, आता क्लिकवर गिअर पडायचा तर पुलीचं अंतर सगळीकडे सारखं हवंच, म्हणजे तिरका चौकोन हवाच. पुढे काम्पान्योलोही त्याच वाटेने गेली. सनटूरचे स्वतःचे इंडेक्स गिअर मात्र उशिरा आले, तोवर सायकल कंपन्या शिमानोकडे गेल्या होत्या आणि ऐंशीचं दशक संपता संपता कंपनी विकली गेली. मला याचं मनापासून वाईट वाटतं, ज्याने वाट काढली त्याचं नाव आता लोकांना दिसतं ते फोर्कवर.

जमवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र अजून मजा आहे, कारण सनटूरचा सायक्लोन किंवा व्ही-जीटी डिरेलर आजही काम्पान्योलोच्या सुपर रेकॉर्डच्या मानाने खूप स्वस्तात मिळतो. मागच्या बाजूला दोन अक्षरं शोधा, पहिलं वर्षाचं दुसरं महिन्याचं. व्हीसी असेल तर १९७९ चा मार्च, पुढे डब्ल्यू, एक्स, वाय, झेड करत १९८४ ला परत ए. सनटूरचे बार एंड लिव्हर, म्हणजे हँडलच्या टोकाला बसणारे गिअर लिव्हर, मिळाले तर सोडू नका, आत रॅचेट (एकाच दिशेने अडणारी दातेरी चकती) असल्यामुळे ते जागचे हलू नयेत इतका स्क्रू आवळला तरी ओढायला जड जात नाहीत, हाताला इतके हलके की बरेच लोक काम्पान्योलोच्या सायकलवरही हेच लावतात, आणि मला यात काही गैर वाटत नाही. फ्रीव्हीलचं, म्हणजे मागच्या चाकावर आट्यांनी बसणाऱ्या दात्यांच्या गठ्ठ्याचं, मात्र जपून. जुन्या दोन खाचांच्या फ्रीव्हीलला रिमूव्हर (ते काढायचं हत्यार) चाकाच्या स्क्यूअरने, म्हणजे आसातून जाणाऱ्या दांडीने, नीट दाबून बसवल्याशिवाय जोर लावायचाच नाही, खाचा तुटल्या की ते चाकावरून काढायचं म्हणजे फ्रीव्हील फोडूनच काढावं लागतं.

आणि सनटूरचा सुपर्ब प्रो डिरेलर घेणार असाल तर एक गोष्ट नक्की करा. दिसायला तो सगळ्यात देखणा, कारण स्प्रिंग आत लपवलेली आहे, पण तीच आत तुटते आणि बदलणं फार किचकट. फोटोत यातलं काहीच कळत नाही, पीस चकचकीतच दिसतो. विकणाऱ्याला सांगा की पिंजरा, म्हणजे पुल्या धरणारा भाग, हाताने आत ढकल आणि सोड, आणि त्याचा व्हिडिओ पाठव. झटकन परत बाहेर आला तर पैसे द्या.