'दऱ्यां'चा 'दर्या' झाला: कादंबरी छापून घेण्याचा माझा अनुभव

माझ्या पहिल्या कादंबरीची नायिका मलप्रभेच्या उगमाजवळ, कणकुंबीच्या दऱ्यांमध्ये राहणारी यक्षिणी आहे आणि नायक त्याच दऱ्यांमधून हद्दीची रेघ आखण्यासाठी साखळी घेऊन आलेला मोजणीदार. खानापुरातील पतसंस्थेची नोकरी, घरचा स्वयंपाक आणि मुलाची शाळा सांभाळून ती लिहायला मला दोन वर्षे लागली. पहाटे साडेचार ते सहा या वेळेत अंथरुणातच मोबाइलवर लिहायचे आणि दुपारच्या सुट्टीत संगणकावर पुढे न्यायचे, असा क्रम होता. लिहिण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरच्या अडीच महिन्यांबद्दल, आणि त्यातही एका अर्ध्या अक्षराबद्दल.

कागदावर छापायचेच का, असे मला अनेकांनी विचारले. पहिली काही प्रकरणे मी प्रतिलिपी या ऑनलाइन वाचनाच्या संकेतस्थळावर टाकली होती आणि तेथे वाचक होतेही. परंतु माझ्या सासूबाई आणि त्यांच्या भजनी मंडळातील बायका मोबाइलवर वाचत नाहीत. शिवाय हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांमध्ये मराठी साहित्य संमेलने भरतात. तेथील पुस्तकांच्या स्टॉलवर सीमालढ्याच्या पुस्तकांशेजारी यक्षिणीची प्रेमकथा मांडलेली पाहावी, ही माझी हौस होती. एका प्रकाशकाने होकार दिला, पण दोनशे प्रती मीच विकत घ्याव्यात अशी अट घातली. तेवढ्या पैशांत आपणच 300 प्रती छापून घेऊ, असे मी ठरवले.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाची मला सर्वांत जास्त धास्ती होती आणि तेच काम सर्वांत सुरळीत झाले. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर लेखक स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. 'आयएसबीएन काढून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका. आपल्या भागातील लेखकांसाठी एक सूचना आहे. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगाव शहराचे सरकारी नाव 'बेळगावी' झालेले आहे, तेव्हा अर्जात आणि ओळखपत्रावर पत्ता एकसारखाच ठेवावा. पुस्तकाच्या आत मी 'बेळगाव' असेच छापले आहे.

आता छापखान्याविषयी. दिवाळी झाल्यावर मी बेळगावातील एका छापखान्यात फाइल दिली. नमुना म्हणून पहिली सोळा पाने जुळवून मिळाली, ती निर्दोष होती आणि मी सही केली. महिनाभर काहीच हालचाल झाली नाही, कारण तुळशीचे लग्न लागले की लग्नपत्रिकांचे काम सुरू होते आणि पत्रिकेपुढे कादंबरीला कोण विचारतो? चार वेळा खानापूरहून बस धरून गेले, चारही वेळा "पुढच्या सोमवारी नक्की" असे ऐकून परतले. पाचव्या खेपेला पूर्ण प्रूफ हातात आले. बसमध्येच उघडले आणि विसाव्या पानावर वाचले: 'तिच्या पायाखालच्या दर्या धुक्याने भरून आल्या होत्या.'

दर्या म्हणजे समुद्र. माझी नायिका डोंगरातली. पुढे तर 'चेहर्यावर', 'वार्याने', 'कोपर्यात' असेच सगळीकडे होते, आणि प्रेमकथेत चेहरा आणि वारा किती वेळा येतात हे मला त्या दिवशी पेन्सिलीने गोल करत बसल्यावर समजले. मोजणीदार आपल्या छावणीतील आचाऱ्याला भाकऱ्या थापायला सांगतो, असा एक साधा प्रसंग आहे. प्रुफात तो आचार्याला भाकर्या थापायला सांगत होता. खानापूर येईपर्यंत मी सत्तर गोल केले होते आणि पुस्तकाचा चौथा हिस्साही झाला नव्हता.

छापखान्यात संगणकावर बसणारा मुलगा कामाला चोख आणि स्वभावाने चांगला आहे, हे मुद्दाम सांगते. तो म्हणाला, "अक्का, आमच्या फॉन्टमध्ये आल्यावर तसंच होतंय. खरं, वाचणाऱ्याला कळतंय की." मी म्हटले, वाचणाऱ्याला कळत नाही, वाचणाऱ्याला समुद्र दिसतो. त्याने ते मनावर घेतले आणि एका फटक्यात फाइलमधील प्रत्येक 'र्य' बदलून 'ऱ्य' केला. दहा दिवसांनी दुसरे प्रूफ आले, तेव्हा दऱ्या जागेवर होत्या. परंतु 'सूर्य', 'धैर्य', 'आश्चर्य' आणि 'सौंदर्य' यांच्या डोक्यावरचा रफार जाऊन सगळीकडे 'सूऱ्य' उगवत होता. मालकांना विचारले, तर ते म्हणाले, "ताई, एवढं बारीक कोण बघतंय?" त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही. याच गडबडीत ज्या संमेलनासाठी मी धडपडत होते, ते पुस्तकाविना पार पडले.

पहिली सोळा पाने मात्र बरोबर कशी आली, हे कोडे मला चार दिवस सुटेना. शेवटी लक्षात आले की ती पाने मी संगणकावर लिहिली होती आणि बिघडलेली पाने मोबाइलवरची होती. हा 'ऱ्य' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक आणि मोबाइल यांच्या सामाईक अक्षरसंकेतात, दोन प्रकारे लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेले 'ऱ' हे वेगळे अक्षर घेऊन त्याला हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) जोडायचे. इनस्क्रिप्ट कळफलकावर ते अक्षर शिफ्ट आणि इंग्रजी जे या कळींनी येते. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखेच दिसतात. माझा मोबाइल दुसऱ्या प्रकारे लिहीत होता, आणि छापखान्याच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मजकूर बदलताना ते न दिसणारे चिन्ह गळून पडत होते. चिन्ह गेले की उरतो तो रफार. म्हणून फाइल देण्यापूर्वीच आपल्या संगणकावर मोबाइलच्या मजकुरातील एक 'र्‍य' उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवावा आणि त्या जागी 'ऱ्य' भरावा. तो हाताने टाइप करू नये, नाहीतर शोध दुसऱ्याच प्रकाराचा होईल. 'कुऱ्हाड', 'बिऱ्हाड', 'गुऱ्हाळ' यांसाठी 'ऱ्ह' वेगळा शोधावा लागतो, हे मी विसरले होते आणि गुऱ्हाळाचे प्रकरण पुन्हा तपासावे लागले.

मी अखेर त्यांच्या फॉन्टचा नादच सोडला. लिब्रेऑफिसमध्ये टिरो देवनागरी मराठी हा मोफत मिळणारा फॉन्ट घेऊन तीन रात्रींत पुस्तक स्वतः जुळवले. त्यातील ल आणि श मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. फॉन्टसकट पीडीएफ तयार करून नेली, तेव्हा मालक म्हणाले, "मग बरं झालं की, प्लेट तर पीडीएफवरूनच काढतो आम्ही." हेच वाक्य त्यांनी दिवाळीनंतर पहिल्या दिवशी उच्चारले असते, तर माझ्या निदान सात बसफेऱ्या वाचल्या असत्या. पाने सोळाच्या पटीत बसवा. माझी 208 झाली, म्हणजे सोळा पानांचा एक असे बरोबर तेरा फर्मे, आणि शेवटी कोरी पाने उरली नाहीत. नमुना तपासताना पहिली सोळा पाने मागू नका, मधली कुठलीही मागा.

प्रती जानेवारीअखेर हातात आल्या. पुस्तक स्वतः प्रकाशित केले की 1954च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते, त्या चार प्रती मी आधीच बाजूला काढल्या होत्या. उरलेल्या संमेलनांमध्ये स्टॉलवर मी स्वतः उभी राहिले. भजनी मंडळाने अकरा प्रती घेतल्या, आणि सासूबाईंनी यक्षिणी फार बोलते असे मत दिले.

ई-पुस्तकासाठी आयएसबीएनची सक्ती नसते, म्हणून ॲमेझॉनच्या किंडलचे काम मागे ठेवले होते. तेथे अडचण निराळीच निघाली. भारतातील विक्रीवर 70 टक्के मानधन हवे असेल, तर नव्वद दिवसांच्या मुदतीसाठी ते पुस्तक डिजिटल स्वरूपात फक्त ॲमेझॉनकडेच ठेवण्याच्या योजनेत जावे लागते, म्हणजे प्रतिलिपीवरील प्रकरणे काढून टाकावी लागतात. त्या प्रकरणांखाली चंदगडची एक वाचक दर रविवारी रात्री मोजणीदाराला यथेच्छ शिव्या घालते, आणि तिच्या शिव्या वाचूनच मी सोमवारचा गजर लावते. मी 35 टक्के निवडले.